सत्तावीसचा पाढा

पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण पस्तीस सेंटिमीटर असतो. एवढ्या जागेत मला अकरा इलेक्ट्रोड बसवायचे असत. आधी कापडी टेप लावून अंतरं मोजायची, लाल मेणाच्या पेन्सिलीने खुणा करायच्या, प्रत्येक खुणेवरची त्वचा हलक्या हाताने पुसायची, पेस्ट लावायची आणि वायर चिकटवायची. बाळ रडत असेल तर अर्धा तास लागे. मी ज्या बाळांकडे जात असे ती बहुधा रडत नसत, त्यामुळे वीस मिनिटांत काम होई.

ही बाळं जन्मताना प्राणवायूला मुकलेली असत. कुणाच्या गळ्याभोवती नाळ आवळलेली असे, तर कुणाची वार वेळेआधी सुटलेली असे. हृदय पुन्हा चालू झालेलं असे, श्वासासाठी यंत्र लावलेलं असे, आणि आत मेंदूचं काय झालं हे बाहेरून कळत नसे. ते पाहण्यासाठी माझं यंत्र होतं. मेंदूतल्या पेशींच्या कामातून सूक्ष्म वीज निर्माण होते, ती हे यंत्र टिपतं. पडद्याच्या खालच्या भागात लाटा सरकत असतात आणि वरच्या भागात त्याच लाटांचा तासन् तासांचा दाबून लहान केलेला पट्टा दिसतो. निरोगी बाळाचा पट्टा झोपेत रुंद होतो, जागेपणी अरुंद होतो. इजा झालेल्या मेंदूचा पट्टा खाली घसरतो आणि तिथेच पडून राहतो. मधूनच तो एकदम वर उचलला गेला तर झटक्याची शंका घ्यायची. नवजात बाळांचे झटके अनेकदा अंगावर दिसतच नाहीत. हात हलत नाही, डोळा फिरत नाही, फक्त आलेखात वादळ असतं.

मी या कामाकडे आडवाटेने आलो. पुण्यात एका दैनिकात आठ वर्षं उपसंपादक होतो. बायकोला ह्यूस्टनमध्ये तेलकंपनीत नोकरी लागली, आम्ही तिथल्या शुगर लँड या उपनगरात राहायला गेलो, आणि मराठी बातम्यांना मथळे देण्याच्या कौशल्याची तिथे कुणाला गरज नव्हती. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांचा अभ्यास करून मी मेंदूचे आलेख काढणारा तंत्रज्ञ झालो. २००३ पासून रोज सकाळी चाळीस मिनिटं फ्रीवेवर गाडी चालवत एका मोठ्या रुग्णालयात जाऊ लागलो. गेल्या वर्षी निवृत्त झालो.

वृत्तपत्राचं शिक्षण इथे उपयोगी पडलं. आमच्या कामाचा पहिला नियम असा, की जे दिसलं ते वेळेसह लिहायचं आणि मत द्यायचं नाही. नर्सने बाळाची कूस बदलली की आलेखावर तशी नोंद करायची. डायपर बदलला, उचकी लागली, कुणी पलंगाला धक्का दिला, तरी नोंद हवी. कारण यंत्राला मेंदूची लाट आणि पलंगाचा धक्का यांतला फरक कळत नाही, ते दोन्ही सारख्याच निष्ठेने टिपतं. माझ्या सुरुवातीच्या काळात एका बाळाचे वडील भूकंपलहरींवरून जमिनीखालचं तेल शोधणारे भूशास्त्रज्ञ होते. ते तास-तासभर पडद्यासमोर उभे राहत. जाताना म्हणाले, तुझं आणि माझं काम एकच आहे, आधी खोटे हादरे बाजूला काढायचे, मग उरेल त्यावर बोलायचं. त्यांचं बाळ चौथ्या दिवशी गेलं. वाक्य माझ्याकडे राहिलं.

दुसरा नियम असा, की आईवडिलांना आलेखाचा अर्थ सांगायचा नाही. तो डॉक्टर सांगतील. हे वाक्य मी किती वेळा उच्चारलं असेल याची गणती नाही.

२००७ च्या ऑगस्टमधल्या एका मंगळवारी उपनगरातल्या लहान रुग्णालयातून एक मुलगी आमच्याकडे आली. पहाटे आईची वार सुटली, तातडीने सिझेरियन झालं, पण तोवर बाळाला बराच वेळ प्राणवायू मिळाला नव्हता. मनगटावरच्या पट्टीवर ‘बेबी गर्ल’ आणि वडिलांचं आडनाव होतं. वडील निखिल, वय एकतीस, सॉफ्टवेअर इंजिनिअर, राहणार शुगर लँड. आई स्वाती दुसऱ्या रुग्णालयातच टाके पडून झोपलेली. निखिलने माझ्या कोटावरचं पाटणकर हे नाव वाचलं आणि मराठीत बोलू लागला.

बाळाला गार ठेवण्याचे उपचार आमच्याकडे नुकतेच सुरू झाले होते. बाळाला पाणी खेळवलेल्या गादीवर ठेवून शरीराचं तापमान बहात्तर तास साडेतेहतीस अंशांवर आणायचं. त्यामुळे मेंदूची पुढची हानी थोडी तरी थांबते असं दिसून आलं होतं. साडेदहाला मी इलेक्ट्रोड बसवले. पट्टा खाली होता, पण अगदी तळाला नव्हता. दुपारी बाराच्या सुमारास खरा झटका आला, पावणेदोन मिनिटांचा. मी नोंद केली, न्यूरॉलॉजिस्ट डॉ. केलर यांना कळवलं, त्यांनी झटक्याचं औषध दिलं, आणि आलेख शांत झाला.

निखिल दारापाशी थांबला होता.

“तुम्ही रोज बघता. रफ आयडिया तरी द्या ना.”

डॉक्टर सांगतील, असं मी म्हणालो. त्याने मान हलवली आणि फोन काढून काहीतरी करत असल्यासारखा उभा राहिला. फोन बंद होता.

बुधवारी दुपारी दीड वाजता तो सासूबाईंना घेऊन आला. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या तीन आठवड्यांपूर्वी अमरावतीहून आल्या होत्या. नाव वानखडे. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. बाहेर अडतीस अंशांचं दमट ऊन होतं आणि आत एसी इतका, की त्यांनी साडीवर जावयाचं जॅकेट घातलं होतं. त्यांच्या पिशवीत टोपरं आणि सुती दुपटी होती. पिशवी त्यांनी शेवटपर्यंत उघडली नाही.

त्यांनी बाळाच्या पायाला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं.

“गार पडलीय ही.”

मुद्दाम तसं ठेवलंय, असं मी सांगितलं. किती अंश, किती तास, का, हे त्यांनी एकामागून एक विचारलं. उत्तरं ऐकताना त्या मध्ये बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आमच्याकडे बाळ-बाळंतिणीला शेक देतात, पाटणकर. तुम्ही उलटं गणित मांडलंय. बरोबर येऊ दे म्हणजे झालं.” पुढे त्यांनी विचारलं, की उचलायचं नाही, गुंडाळायचं नाही, पाजायचं नाही, मग आजीने करायचं काय.

मी तो प्रश्न नर्सला विचारला. तिचं नाव डेब्रा, वीस वर्षांचा अनुभव असलेली. ती म्हणाली, की आजीने जरूर हात लावावा, बाळाला बरं वाटेल. फक्त हात स्थिर ठेवायचा, कुरवाळायचं किंवा थोपटायचं नाही, आणि उचलायचं अर्थातच नाही.

मी काकूंना मराठीत सांगितलं, “हात लावा काकू, पण उचलू नका.”

इंग्रजी वाक्याचा मधला भाग मी गाळला. मुद्दाम नाही, आणि विसरूनही नाही. आठ वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं कापून स्तंभात बसवली होती. ‘हात लावा’ आणि ‘उचलू नका’ यांत सगळं आलं असं मला वाटलं, उरलेला मजकूर पुनरुक्तीचा वाटला. शिवाय मी दुभाषा नव्हतो. रुग्णालयाचा नियम होता, की नातेवाइकांना सूचना द्यायच्या तर प्रमाणित दुभाष्याला फोन लावायचा. मराठीचा दुभाषा मिळायला अर्धा तास लागे, मी समोर उभा होतो, आणि डेब्रानेही मला थांबवलं नाही. आलेखावर मी लिहिलं: ‘कुटुंबीय पलंगापाशी.’ साडेतीनला माझी पाळी संपली आणि मी घरी गेलो.

गुरुवारी सकाळी सातला आलो तेव्हा पट्टा तळाला गेला होता. त्याची जाडी पेन्सिलीच्या रेघेएवढी उरली होती.

रात्रपाळीच्या तंत्रज्ञाने हकिगत सांगितली. बुधवारी चार वाजून दहा मिनिटांनी झटक्यांची मालिका आली, नऊ झटके, प्रत्येक पंधरा सेकंदांच्या आसपास. डॉ. केलर यांनी आपल्या कार्यालयातल्या पडद्यावर ते पाहिले आणि औषधाचा दुसरा डोस दिला. पाच वाजून पाच मिनिटांनी तशीच मालिका पुन्हा आली. तिसरा डोस दिला. त्यानंतर आलेख उतरत गेला. बाळ कशालाच प्रतिसाद देत नव्हतं. अकरा वाजता आईवडिलांसोबत बैठक ठरली होती. स्वातीला तासाभरासाठी व्हीलचेअरवरून आणणार होते. अशा बैठकीत काय बोललं जातं ते विभागात सगळ्यांना माहीत होतं. आलेख इतका सपाट असताना श्वासाचं यंत्र पुढे चालू ठेवायचं का, हा प्रश्न आईवडिलांपुढे ठेवला जाणार होता.

पावणेआठला मी एक सैल झालेली वायर पुन्हा चिकटवायला बाळाजवळ गेलो. काकू आधीच तिथे होत्या. पलंगाच्या डाव्या बाजूला, नर्सच्या टेबलाकडे पाठ करून. जॅकेटची बाही लांब असल्यामुळे मागून फक्त कोपर दिसत होतं. त्यांचे ओठ हलत होते. देवाचं काही म्हणत असतील असं वाटून मी थांबलो, आणि सवयीने पडद्याकडे पाहिलं.

सपाट रेघेवर लाटा उठत होत्या. एकसारख्या, टोकदार, एकामागून एक. पंधरा सेकंदांनी थांबल्या. मग काकूंनी श्वास घेतला आणि लाटा पुन्हा सुरू झाल्या.

मी पलंगाला वळसा घालून समोर गेलो. काकूंची दोन बोटं बाळाच्या खांद्यावर थोपटत होती, अगदी हलकी. प्रत्येक थापेला इलेक्ट्रोड लावलेलं डोकं गादीवर केसभर हलत होतं.

“काकू, काय म्हणताय?”

“पाढे,” त्या म्हणाल्या. बोटं थांबली. “स्वातीला असंच झोपवायची मी. अंगाई मला येत नाही.”

“काल पण म्हटलेत?”

“दोनदा. चारनंतर एकदा, पाचला एकदा. बावीसपासून तीसपर्यंत.”

बावीसपासून का, असं मी विचारलं. खरं तर तो प्रश्न अनावश्यक होता. त्या म्हणाल्या, विसापर्यंतचे झोपेतही येतात, एकवीस सोपा, त्यामुळे मन भलतीकडे जातं. बावीसच्या पुढे लक्ष ठेवावं लागतं, मग दुसरं काही मनात येत नाही.

बावीस ते तीस म्हणजे नऊ पाढे.

मी कालचा आलेख मागे नेला. चार दहाच्या मालिकेतल्या पहिल्या ‘झटक्या’तल्या लाटा मोजल्या. वीस. दुसऱ्यात वीस. एका पाढ्यात दहा ओळी, एका ओळीला दोन थापा. तिसरा, चौथा, पाचवा, प्रत्येकी वीस. सहाव्यात बारा लाटा होत्या, मग तीन सेकंद काही नाही, आणि पुढे आठ. पाच वाजून पाच मिनिटांच्या मालिकेतही सहाव्यात बारा आणि आठ.

“सत्तावीसच्या पाढ्यात तुम्ही कुठे थांबता का?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. वर्गातल्या मुलाने भलताच प्रश्न विचारला की पाहत असतील तसं.

“सत्तावीस साते,” त्या म्हणाल्या. “लहानपणापासून तिथे अडखळते. मुलांना कधी कळू दिलं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी तडक डॉ. केलर यांच्या कार्यालयाकडे निघालो. अंतर दोन मजल्यांचं होतं. तेवढ्या वेळात हेही मनात आलं, की गप्प राहिलो तर कुणाला कळणार नाही. आलेखाचा अर्थ लावणं माझं काम नव्हतं. मी नोंद केली होती, कुटुंबीय पलंगापाशी. कागदावर माझी बाजू स्वच्छ होती. हा विचार फार वेळ टिकला नाही, पण आला होता, म्हणून लिहिलं.

डॉ. केलर पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी पेनाच्या टोकाने पडद्यावरच्या लाटा स्वतः मोजल्या, दोन्ही मालिका, शेवटपर्यंत. खरा झटका बदलत जातो. सुरुवातीला लाटा लहान आणि जलद असतात, मग मोठ्या होतात, संथ होतात, विरतात. या लाटा पहिल्यापासून विसाव्यापर्यंत एकसारख्या होत्या. दाबलेल्या पट्ट्यावर तो फरक दिसत नाही, आणि मंगळवारी खरा झटका आलेला असल्यामुळे कुणी शंका घेतली नव्हती. कॅमेरा असलेलं यंत्र आमच्याकडे एकच होतं, ते त्या आठवड्यात वरच्या मजल्यावर होतं.

थोपटू नका असं आजीला सांगितलं नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. नर्सने सांगितलं होतं, मी भाषांतर करताना ते गाळलं, असं मी म्हणालो.

“ते लिही,” त्या म्हणाल्या. “जसं घडलं तसं, वेळा घालून. मग तुझ्या सुपरवायझरकडे जा. आणि दुभाष्याला फोन लाव.”

अकराची बैठक झाली. मी तिथे नव्हतो. फोनवर दुभाषा होता. नंतर निखिलकडून समजलं ते एवढंच, की जादा गेलेल्या औषधामुळेही आलेख असा सपाट होऊ शकतो, गार ठेवलेल्या बाळाच्या शरीरातून ते औषध सावकाश उतरतं, म्हणून तीन दिवस कोणताही निर्णय घ्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. चूक रुग्णालयाची आहे, कुटुंबाची नाही, हेही सांगितलं. मला लेखी ताकीद मिळाली. ती रास्त होती.

दुपारी काकू कॉरिडॉरमध्ये बाकावर बसल्या होत्या. पिशवी मांडीवर. मला पाहून त्यांनी शेजारची जागा दाखवली.

“सिस्टर परवा नेमकं काय म्हणाली होती? पूर्ण वाक्य सांगा.”

“परवा नाही, काल,” मी म्हणालो, आणि पूर्ण वाक्य सांगितलं. त्यांनी ते मनात एकदा म्हणून पाहिलं असावं.

“उत्तर बरोबर आलं तरी पायरी गाळली की मी गुण कापायचे,” त्या म्हणाल्या. “पोरं चिडायची. म्हणायची, बाई, उत्तर तर तेच आहे ना.” मग म्हणाल्या, “मला वाटलं, माझा हात लागला की तिला फिट येते. सकाळी तुम्ही मागे न बघता पळालात तेव्हा मला तसंच वाटलं. तिथून अकरा वाजेपर्यंत मी हात पाठीमागे बांधून उभी होते.”

मी माफी मागितली. त्यांनी ती स्वीकारली किंवा नाकारली असं म्हणता येणार नाही. त्यांनी विचारलं, आता आलेख कसा आहे. डॉक्टर सांगतील, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, “हं.”

शुक्रवारी बाळाला तासाला अर्धा अंश अशा गतीने ऊब देण्यात आली. पट्टा तळाशीच होता. शनिवारी माझी सुट्टी होती, तरी मी गेलो. दुपारपर्यंत रेघेची थोडी जाडी वाढली होती, पण ते मेंदूचं काम की यंत्राचा दोष याची खात्री देता येत नव्हती, म्हणून मी सगळे अकरा इलेक्ट्रोड पुन्हा तपासले. दोष नव्हता. रविवारी पट्टा रुंद झाला, काही वेळाने अरुंद झाला, पुन्हा रुंद झाला. बाळ झोपत होतं आणि जागं होत होतं. डॉ. केलर यांनी ते सकाळी दहाला पाहिलं आणि आईवडिलांना स्वतः जाऊन सांगितलं. स्वातीने एकच विचारलं, “म्हणजे आज ती नुसती झोपलीय?”

पुढचं थोडक्यात. मुलीच्या मेंदूला इजा झालेली होतीच, ती आलेख सुधारल्याने पुसली गेली नाही. ती दोन वर्षांची असताना शुगर लँडमध्ये मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात मी तिला पाहिलं. उशिरा चालायला लागली होती, उजवी मूठ अर्धी मिटलेली राहत होती. डाव्या हाताने तिने शेजारच्या मुलाच्या ताटलीतली चकली उचलली आणि त्याच्याशी इंग्रजीत भांडली. गुरुवारच्या बैठकीत सत्तावीसचा पाढा मध्ये आला नसता तर आईवडिलांनी काय ठरवलं असतं, हे मला माहीत नाही. कदाचित त्यांनी थांबायचंच ठरवलं असतं. त्याविषयी अंदाज करणं बरोबर नाही.

मला त्रास वेगळ्या गोष्टीचा होतो. काकूंचे पाढे नेमके होते म्हणून माझी चूक मोजता आली. त्याआधीच्या चार वर्षांत मी किती बिछान्यांपाशी किती वाक्यं अशी आटोपशीर केली असतील, आणि त्यांचा हिशेब लागेल असं तिथे काहीच नव्हतं.

त्या रविवारी दुपारी बाळाला पहिल्यांदा आईच्या कुशीत दिलं. वायर अजून लावलेल्याच होत्या, कारण डॉक्टरांना आणखी एक दिवसाचा आलेख हवा होता. मी यंत्रापाशी उभा होतो. पिशवीतलं टोपरं वायरींमुळे घालता येत नव्हतं, ते काकूंनी नुसतं बाळाच्या पोटावर ठेवलं. मग हात पुढे केला आणि बाळाच्या खांद्यापाशी आणून थांबवला.

त्यांनी डेब्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“विचारा तिला. पूर्ण विचारा.”

यावेळी दुभाष्याला फोन लावला. पंचवीस मिनिटं लागली. तोवर काकूंचा हात तसाच खांद्यापाशी अधांतरी होता. दमल्या की दुसरा हात पुढे करायच्या. स्पीकरवरून काकूंचा प्रश्न इंग्रजीत गेला आणि डेब्राचं उत्तर मराठीत आलं: थोपटायला हरकत नाही, हलक्या हाताने, वायर सांभाळून, आणि सुरू केलं की तंत्रज्ञाला सांगायचं.

“सुरू करते, पाटणकर,” काकू म्हणाल्या.

“करा काकू. मी लिहितो.”

मी लिहिलं: ‘१४:५२. आजी डाव्या खांद्यावर थोपटत आहेत. बावीसचा पाढा.’ नंतर तेवीस, चोवीस, पंचवीस, सव्वीस, प्रत्येकाची वेळ. सत्तावीसच्या वेळी मी पडद्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहिलं. बारा थापांनंतर बोटं थांबली. स्वातीने मान वर केली आणि हळूच म्हणाली, “एकशे एकोणनव्वद, आई.”

तेही मी लिहिलं.